रहदारीत सायकल: धोका किती आणि जबाबदारी कोणाची? कोकणातल्या सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी गोळपच्या बाजूने रत्नागिरीत कामाला रोज सायकलने येते-जाते. सायकल लावून कुठे थांबले की कोणी ना कोणी काहीतरी विचारतंच. कधी शाळेत जाणाऱ्या मुलीची आई असते, कधी नव्याने गिअरची सायकल घेतलेला बँकेतला माणूस, कधी मुंबईहून गोव्याला निघालेली पोरं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. ही उत्तरं आपल्या वळणांच्या, उतारांच्या, लाल मातीच्या रस्त्यांची आहेत. शहरातल्या सिग्नलला ती जशीच्या तशी लागू होतील असं नाही.

रस्त्यावर सायकल चालवणं खरंच धोक्याचं आहे का?

आहे. नाही म्हणून कोणाला घराबाहेर काढणं मला पटत नाही. सायकलवाल्याभोवती पत्रा नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक रस्त्यांना धड साईडपट्टी नसते. असली तर ती मातीची, पावसाने चर पडलेली. पण धोका सगळ्या वाटेवर सारखा पसरलेला नसतो, तो ठरावीक जागी साचलेला असतो. माझ्या वाटेवर अशा पाच जागा आहेत: सड्यावरून (माथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून) उतरताना झाडीतलं एक वळण, उताराच्या तळाची अरुंद मोरी (रस्त्याखालून पाणी जायचा छोटा पूल), भाट्याचा पूल, शहरात शिरताना लागणारा रिक्षास्टँड आणि शाळा सुटते ती गल्ली. या पाच जागी माझी बोटं ब्रेकवर असतात आणि डोक्यात दुसरा विचार नसतो. बाकीच्या वाटेवर आंब्याला मोहोर किती आलाय तेही बघते.

तुमच्या वाटेवरच्या अशा जागा शोधायच्या तर एकदा सुट्टीच्या दिवशी ती वाट पायी चाला. सायकलवरून न दिसलेल्या निम्म्या गोष्टी पायी दिसतात. कुठल्या घराचं फाटक थेट डांबरावर उघडतं, कुठे वडाप (शेअर जीप) थांबतं, कुठल्या वहाळाचं (ओढ्याचं) पाणी रस्ता ओलांडून जातं, हे सगळं कळतं.

मी नियम पाळून चालवतोय आणि मागच्याने ठोकलं, तर त्यात माझी काय जबाबदारी?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. तो राग मला कळतो, कारण मीही तो अनुभवला आहे.

आषाढातली संध्याकाळ होती. पाऊस बारीक, उजेड जवळजवळ संपलेला. मी उतारावरून खाली येत होते, मागचा लाल दिवा लावलेला होता. एक मोटार इतक्या जवळून गेली की तिचा आरसा माझ्या कोपराला घासला. मी पडले नाही, पण पुढे जाऊन पाय टेकून उभी राहिले तेव्हा गुडघे थरथरत होते. मोटारवाला थांबला, मागे आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही दिसलातच नाही." मी त्याला खूप बोलले. दिवा चालू आहे, रस्ता मोकळा आहे, आणि दिसले नाही म्हणजे काय! घरी येऊन सायकल पडवीत लावली, तेव्हा लक्षात आलं की रेनकोटची मागची कड सीटच्या खाली लोंबत होती आणि दिवा तिच्या आड गेला होता. रेनकोट काळा होता.

त्याची चूक होती का? होती. अंधारात, पावसात, वळणाच्या उतारावर तो तेवढ्या वेगाने यायला नको होता. दिसत नसेल तर वेग कमी करायचा असतो. माझा दिवा झाकलेला होता म्हणून त्याची चूक पुसली जात नाही. पण त्याची चूक होती म्हणून माझा दिवाही उघडा पडत नाही. लोक या दोन गोष्टींची सारखी गल्लत करतात. दोष ठरतो अपघातानंतर, पंचनाम्यात आणि कोर्टात. जबाबदारी म्हणजे त्याआधी आपल्या हातात जे होतं ते. ती काही भाकरी नव्हे, की त्याच्या वाट्याला मोठा तुकडा गेला म्हणून माझा लहान झाला. त्याची पूर्ण आहे आणि माझीही पूर्ण आहे.

तेव्हापासून दिवा सीटखाली नाही, मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधते, आणि निघण्याआधी रेनकोट घालून झाल्यावर मागे वाकून एकदा बघते. रेनकोटही पिवळा घेतला.

डावीकडून चालवायची, पण किती डावीकडून?

अगदी कडेने नको. डांबराच्या कडेपासून साधारण मीटरभर आत चालवा. नवीन माणूस भीतीने कडेला चिकटतो आणि तिथेच अडकतो. कडेला खडी असते, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात, करवंदीच्या काटेरी फांद्या रस्त्यावर आलेल्या असतात. आणि डावीकडे सरकायला काही जागाच उरत नाही. मागच्या ड्रायव्हरला वाटतं, समोरून गाडी येत असली तरी मधल्या फटीतून आपण निघून जाऊ. मीटरभर आत असाल तर त्याला थांबायचं की ओव्हरटेक करायचं हे ठरवावं लागतं. शिवाय त्याने कट मारलाच, तर डावीकडे सरकायला तुमच्याकडे मीटरभर जागा शिल्लक असते.

अरुंद पूल, मोरी आणि आंधळं वळण इथे मी आणखी आत येते, आपल्या बाजूच्या मध्यावर. आधी मान वळवून मागे बघायचं, उजवा हात बाहेर काढायचा, मग सरकायचं. पूल संपला की लगेच डावीकडे घ्यायचं आणि मागच्याला हात करून जाऊ द्यायचं. रांग लावून ठेवण्यासाठी मध्ये यायचं नसतं. बहुतेक ड्रायव्हर ते दहा सेकंद समजून घेतात. एखादा हॉर्न वाजवत राहतो. त्याने हॉर्न वाजवला याचा अर्थ त्याने मला पाहिलं, आणि मला तेवढंच हवं असतं.

एक गोष्ट सवयीने शिकून घ्या. रस्त्यावर नवा थर पडला की डांबर आणि साईडपट्टी यांच्यात चार बोटं, कधी वीतभर उंचीची खाच राहते. चाक खाली उतरलं तर तिरपं ओढून परत वर चढवू नका. टायर त्या कडेला घासत राहतं, हँडल फिरत नाही आणि माणूस नेमका रस्त्याच्या बाजूला, गाडीच्या पुढ्यात पडतो. खालीच राहा, वेग मरू द्या, थांबा, सायकल उचलून वर घ्या. याने जातात ती फक्त पंधरा सेकंद.

उलट्या बाजूने चालवली तर समोरून येणारी गाडी दिसते. ते जास्त सुरक्षित नाही का?

नाही. चालणाऱ्या माणसासाठी समोरून येणारी वाहनं दिसतील अशी बाजू बरी, पण सायकलसाठी ती घातक आहे. हिशेब करून बघा. गाडी ताशी ६० किलोमीटरने येते आहे, सायकल १५ ने. एकाच दिशेने जात असाल तर गाडी तुमच्याकडे ४५ च्या वेगाने येते. वळणावर शंभर मीटरवरून तिने तुम्हाला पाहिलं तर तिच्याकडे आठ सेकंद आहेत. उलट्या बाजूने गेलात तर दोन्ही वेग एकत्र होतात, ७५, आणि तेच शंभर मीटर पाच सेकंदांच्या आत संपतात. धडक बसलीच तर तिचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४५ च्या जवळजवळ पावणेतीन पट. आणि गल्लीतून, फाटकातून बाहेर पडणारा डावीकडे वळताना उजवीकडेच बघतो. उलटे येणारे तुम्ही त्याच्या नजरेतच नसता.

"इथून तिथपर्यंतच तर जायचंय" म्हणून दुभाजक लागलेल्या नव्या हायवेवर लोक सर्रास उलटे येतात. पुढचा कट लांब आहे हे खरं, आणि तो लांब ठेवणाऱ्यांनी गावातल्या सायकलवाल्याचा विचार केलेला नाही हेही खरं. तरीसुद्धा त्या वेळी उतरा आणि साईडपट्टीवरून सायकल हातात धरून चालत जा.

रात्री काय लावायचं? रेडियम पुरे आहे का?

रेडियमच्या पट्ट्या हव्यातच, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. रेडियम चमकतं ते गाडीच्या दिव्याचा झोत त्यावर पडला तरच. आपल्या रस्त्यांना सारखी वळणं, आणि वळणावर झोत सरळ झाडीत जातो. म्हणून मागे स्वतःचा उजेड असलेला लाल दिवा आणि पुढे पांढरा.

डिपरवर चालणाऱ्या गाडीला काळ्या कपड्यातला माणूस जेमतेम पंचवीस-तीस मीटरवर दिसतो. साठच्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरून, पस्तीस-चाळीस मीटर घेते. ओल्या रस्त्यावर पन्नासच्या पुढे. त्याने पाहिलं तरी उशीर झालेला असतो, मग तो कितीही चांगला ड्रायव्हर असो.

पेडलवर आणि पायांच्या घोट्यांवर रेडियम लावा, कारण वर-खाली हलणारी चमक दिसली की "ही सायकल आहे" हे लगेच कळतं. सोबत एक जादा दिवा ठेवा. आणि संध्याकाळी पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने जात असाल, तर सूर्य मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत असतो. तेव्हा अंधार नसला तरी दिवा लावा.

हेल्मेट सक्तीचं आहे का? घालावं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलला ते लागू नाही. मी घालते. पण ते काय करतं आणि काय करत नाही हे माहीत असू द्या. युरोपातल्या सायकल हेल्मेटची चाचणी साधारण दीड मीटर उंचीवरून पडल्यावर जो आघात बसेल तेवढ्यावर होते. म्हणजे शेवाळावर घसरलात, कुत्रा आडवा आला, तर ते डोकं वाचवू शकतं. डंपरखाली गेल्यावर त्याचा उपयोग नाही.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या इयान वॉकर यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सायकलवर सेन्सर बसवून ते स्वतः फिरले आणि दोन हजारांवर ओव्हरटेक मोजले. हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या असं त्यांना दिसलं. यावर पुढे बराच वाद झाला. मला यातून हेल्मेट काढून टाकावंसं वाटत नाही. पण हेल्मेट घातलं म्हणजे आपली काळजी घेऊन झाली, असं सायकलवाल्याने मानू नये आणि ड्रायव्हरनेही मानू नये.

पावसाळ्यात सायकल बंद ठेवावी का?

मी ठेवत नाही, पण चार महिने वेगळ्या पद्धतीने चालवते. मृगाच्या पहिल्या सरी सगळ्यांत फसव्या. उन्हाळाभर साचलेलं ऑईल, धूळ आणि रबर वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. दोन-तीन मोठे पाऊस पडून गेले की तो धुतला जातो. मग जुलैपासून सावलीच्या जागी शेवाळ धरतं. झाडांचं छत असलेली वळणं, डोंगराचं पाणी झिरपतं ती कड, जुन्या मोऱ्यांचे कठडे अशा जागी रस्त्यावर हिरवट-काळी झाक दिसली की वळणावरही तेवढ्या पट्ट्यावरून जाताना हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक त्याच्या आधीच मारून घ्या. शेवाळावर असताना ब्रेक नाही, पेडल नाही, झुकणं नाही.

रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल तर ओली रिम पहिले एक-दोन फेरे ब्रेक धरतच नाही. उतार सुरू होण्याआधी हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्या. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, म्हणून त्यातून न जाता मागे बघून वळसा घ्या. रात्री गुरं येऊन उबदार डांबरावर बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही.

पूल किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. खाली पूल उरलाय की नाही हे वरच्या पाण्यावरून कळत नाही.

वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. भाट्याच्या पुलावर पावसाळ्यात समुद्रावरून वारा सुटतो. सकाळी शहराकडे जाताना तो डावीकडून येतो आणि मला रहदारीत ढकलतो. हे तरी समजतं. संध्याकाळी घरी येताना तो उजवीकडून असतो, म्हणून नकळत मी उजवीकडे झुकून चालवत असते. अशात उजव्या बाजूने एसटी आली की वारा एकदम अडतो आणि सायकल झटक्याने एसटीच्या दिशेने जाते. गाडी निघून गेली की वारा परत थडकतो आणि कठड्याकडे फेकतो. मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की दोन्ही हात हँडलवर घट्ट, कोपर सैल, वेग कमी. वारा फारच असेल तर मी सरळ उतरून चालते.

घाट उतरताना काय सांभाळायचं?

चढताना दम लागतो, पण धोका उतरताना आहे. आंबा घाट असो, करूळ असो, फोंडा असो की आंबोली, सलग ब्रेक दाबून ठेवू नका. रिम तापते आणि ब्रेकची पकड सुटते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन्ही ब्रेक वापरा. थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, पण ओल्यात तो हळुवारच दाबायचा. वेग ठरवायचा तो दिसणाऱ्या रस्त्यावर: जेवढं अंतर समोर दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वळणावर समोरून येणारा ट्रक स्वतःची बाजू सोडून येणार असंच धरून चाला. त्याला तेवढी जागा लागतेच.

एसटी, डंपर आणि मच्छीचे टेम्पो यांच्याशी कसं वागायचं?

एसटीचा ड्रायव्हर थांब्यावर माणूस दिसला की डावीकडे घेणार, ते त्याचं कामच आहे. पुढे थांबा दिसत असेल आणि मागून एसटीचा आवाज येत असेल, तर शर्यत करू नका. तिला पुढे जाऊ द्या आणि ती थांबल्यावर मागेच थांबा. डावीकडच्या फटीतून कधीच जायचं नाही, माणसं तिथूनच उतरतात.

चिरे, खडी, वाळू वाहणाऱ्या डंपरच्या डाव्या कुशीत ड्रायव्हरला दिसत नाही. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. वळताना त्याचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, त्यामुळे कोपऱ्यावर त्याच्या शेजारी उभं राहायचं नाही. मागेच राहा.

मच्छीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी ठिबकत असतं आणि त्यात मच्छीचा चिकट रस असतो. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांच्या वाटेवर वळणा-वळणावर त्याची काळी ओली रेघ दिसते. ऊन पडलेलं असताना रस्ता ओला दिसला की संशय घ्या. वास तर आधीच येतो.

गणपतीत आणि शिमग्यात चालवावी का?

त्या आठवड्यात मी पहाटे लवकर निघते आणि मोठा रस्ता शक्य तितका टाळते. मुंबईहून आलेला चाकरमानी रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, डोळ्यांवर झोप, घर जवळ आल्याची घाई. आपलेच लोक आहेत, पण थकलेला ड्रायव्हर आपला असो की परका, त्याची नजर सारखीच मंदावते. मे महिन्यात आंब्याचे ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या असतात. पर्यटक समुद्र दिसला की मध्येच थांबतो आणि न बघता दार उघडतो. थांबलेल्या गाडीपासून दाराएवढं अंतर ठेवूनच पुढे जा.

गोव्यापर्यंत जायचंय. हायवेने जावं की सागरी महामार्गाने?

सागरी. हायवे, म्हणजे जुना १७ आणि आताचा राष्ट्रीय महामार्ग ६६, रुंद झाला तिथे वेग वाढला आहे आणि कामं चालू आहेत तिथे वळवलेले रस्ते आणि खडी आहे. अवजड ट्रक सगळे त्याच रस्त्यावर. १९९९ पासून कोकण रेल्वे कोलाडहून ट्रक वॅगनवर चढवून नेते, त्याने थोडा भार कमी होतो इतकंच. हायवेवरून जावंच लागलं तर बोगद्याच्या तोंडावरचा फलक वाचल्याशिवाय सायकल आत घालू नका.

रेवस ते रेड्डी हा सागरी रस्ता अरुंद, चढ-उतारांचा, पण संथ रहदारीचा. मध्ये खाड्या आहेत, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींवर सायकल चढते. बोटीचा लोखंडी उतार खाऱ्या पाण्याने आणि शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. तिथे सायकलवरून उतरून, हातात धरून चढा. गाड्या चढून झाल्यावर चढलात तर उत्तम.

मुलांना एकटं कधी सोडायचं?

वयावर जाऊ नका. मूल एका हाताने हँडल धरून, मान मागे वळवून, सरळ रेषेत चालवू शकतं का ते बघा. मागे बघताना सायकल वाकडी जात असेल तर अजून नाही. दहा-बारा वेळा त्याच्या मागून तुम्ही सायकलवर जा, बोलू नका, फक्त बघा. मग तुम्ही पुढे राहा. आणि सायकल मापाची घ्या. "दोन वर्षं चालेल" म्हणून मोठी घेतलेली सायकल ब्रेक मारल्यावर मुलाचे पाय जमिनीला लागू देत नाही. मुलांवर जबाबदारी टाकताना एक लक्षात ठेवा: मूल चुकणारच आहे हे धरून वेग ठेवणं हे मोठ्यांचं, म्हणजे ड्रायव्हरचं काम आहे.

अपघात झालाच तर?

आधी रस्त्यातून बाजूला व्हा. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी. कोणी मदत करायला कचरत असेल तर त्याला सांगा की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्तीही नाही.

गाडीचा नंबर, सायकल पडलेली जागा, ब्रेकच्या खुणा यांचे फोटो घ्या. तिथल्या तिथे पैसे घेऊन मिटवू नका, डोक्याचा मार दुसऱ्या दिवशीही वर येतो. दवाखान्यात अपघाताची केस म्हणून नोंद करायला सांगा आणि पोलिसांत फिर्याद द्या. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना २०२५ पासून आहे, दवाखान्यात तिच्याबद्दल विचारा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कलम १६६ खाली, सहा महिन्यांच्या आत करायची तरतूद आहे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. सायकलवाल्याचाही निष्काळजीपणा होता असं ठरलं, म्हणजे रात्री दिवा नव्हता किंवा उलट्या बाजूने येत होता, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. कमी होते, बुडत नाही. "तुमचीच चूक होती, काही मिळणार नाही" असं कोणी सांगितलं तर वकिलाला भेटल्याशिवाय ते मान्य करू नका.

माझ्या सायकलचा चालत्या माणसाला धक्का लागला तर?

तर तुम्ही गाडीवाले झालात. सायकलला लायसन्स लागत नाही, विमा लागत नाही, पण निष्काळजीपणाने वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागू आहे, त्यात सायकलही आली. उतारावरून वीस-पंचवीसच्या वेगाने येणारी सायकल म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडू शकते. बाजारात, देवळासमोर, शाळेजवळ घंटी वाजवत वाट काढायची नाही, उतरायचं. ड्रायव्हरने आपल्याशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसं आपण चालणाऱ्याशी वागलं पाहिजे.

कानात इअरफोन चालतो का?

नको. आपल्या वळणांवर गाडी दिसायच्या आधी ऐकू येते.

सगळं सायकलवाल्यानेच करायचं, मग सरकार आणि ड्रायव्हर कशाला आहेत?

हे विचारणाऱ्याला मी कधीच गप्प करत नाही. ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवणं स्पेनमध्ये, जर्मनीत कायद्याने बांधील आहे. नेदरलँडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले, "मुलांच्या हत्या थांबवा" म्हणाले, आणि पुढच्या वर्षांत तिथले रस्तेच बदलले गेले. त्या आयांनी मुलांना फक्त "नीट चालव" एवढंच सांगून भागवलं नाही.

आपल्याकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे. सलग साईडपट्टी, रंगवलेले गतिरोधक, पुलांवर वेगळी कड, दुभाजकाला गावाजवळ सायकल ओलांडता येईल असा कट, वळणावरची झाडी वेळच्या वेळी छाटणं. ग्रामसभेत झाडी छाटण्याचा विषय तर कोणालाही मांडता येतो. आमच्या उतारावरच्या वळणाची झाडी मी दोनदा अर्ज केल्यावर छाटली गेली. आता तिथे समोरची गाडी आधीपेक्षा लवकर दिसते, मला आणि मोटारवाल्यांनाही. पण पावसाळ्यात ती परत वाढते, तेव्हा परत अर्ज.

घरचे म्हणतात सायकल सोड. त्यांना काय सांगू?

त्यांची भीती खोटी नाही, तिला वाद घालून उत्तर देऊ नका. माझी आई पहिली दोन वर्षं मी येईपर्यंत पडवीत उभी राहायची. मग एका रविवारी मी तिला रिक्षाने त्याच वाटेने नेलं आणि त्या पाचही जागा दाखवल्या: इथे मी थांबते, इथे उतरून चालते, या वळणाला मध्ये घेते. तिने एक सहावी जागा दाखवली, गिरणीजवळची, जिथे ट्रॅक्टर मागे घेतात. ती माझ्या लक्षात आली नव्हती. आता भाट्याचा पूल ओलांडला की मी तिला मिस्ड कॉल देते, आणि वारा मोठा असेल त्या दिवशी तीच आधी फोन करते, "पूल चालत ये."